गरज नाही

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, बोलायला साधा. घराणं मात्र साधं नाही. जुने संस्थानिक. तनखे १९७१ सालीच बंद झाले, पण त्या गावात मुलाच्या वडिलांना अजूनही लोक 'राजेसाहेब' म्हणतात आणि दसऱ्याला वाड्यावर सोनं द्यायला रांग लागते. मुलाची आई फोनवर अगदी आपुलकीनं बोलली. शेवटी म्हणाली, "एकच सांगते ताई, मनात काही ठेवू नका. आमच्याकडे सुनेला नोकरी करायची गरज नाही."

लेक पुण्यात पुलांचं डिझाइन करते. नदीचा पूर, जमिनीखालचा खडक, ट्रकचं वजन असलं तिचं रोजचं बोलणं. तिला मी फोनवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आई, तुलाही असंच म्हणाले होते का गं?"

म्हणाले होते. १९९४ साली, अगदी याच शब्दांत. ती पुढे म्हणाली, "मग तू काय म्हणतेस ते सांग. मी ऐकेनच असं नाही, पण सांग." या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला सांगण्याआधी स्वतःला विचारून बघावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला राजा नाही. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभारात इंग्रजांचं. मधल्या मधे गावोगावचे देशमुख-देशपांडे हेच राजे. वतनं गेली, सीलिंगमध्ये जमिनी गेल्या, वाड्याच्या मागच्या चौकाची माती ढासळली. राहिला तो मान. पुसदच्या अलीकडच्या एका गावातल्या अशाच वाड्यात मी लग्न होऊन आले, तेव्हा मी पशुवैद्यक होते. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून १९९१ला पदवी, पुढच्या वर्षी सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी. आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. नेमणुकीच्या पहिल्या दिवशी एक म्हातारा बैल घेऊन आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "डाक्टर कुठी गेले?" सहा महिन्यांनी तोच म्हातारा रात्री अकराला दाराशी उभा होता. "चाला न बाई, गाय अडली."

त्या रात्रीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोठ्यात कंदील. वासराचे दोन पाय बाहेर आलेले, पण डोकं येत नव्हतं. मान मागे वळलेली. अशा वेळी वासराला आधी आत ढकलावं लागतं, मग जागा करून मान सरळ करून पुढे आणावी लागते. गाय कळ देते तेव्हा आपला हात खांद्यापर्यंत आवळला जातो, बोटं बधिर होतात. पाऊण तास लागला. वासरू आलं, नाकातला चिकटा काढला, गवताच्या काडीनं नाकपुडी खाजवली तेव्हा शिंकलं. म्हातारी आतून चहा घेऊन आली. माझे हात धुतलेले नव्हते म्हणून तिनं कप माझ्या ओठांना लावला. माणूस म्हणून मला इतकं मोठं त्यानंतर कुणी केलेलं नाही.

लग्नानंतरही मी दोन-अडीच वर्षं नोकरी केली. कुणी एका शब्दानं छळ केला असं खोटं सांगणार नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आईसाहेब, मला ताटावर वाट बघायला लावत नसत. पण रात्री कुणी जनावरासाठी बोलवायला आलं की तो दिंडी दरवाज्यापाशी थांबे, गडी आत येऊन सांगे, मामंजी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणत, "काय निकड आहे का सकाळपर्यंत?" अडलेल्या गाईला सकाळ नसते. मी जायची. परत येताना कपड्यांना वास असे, आणि त्या वासाबद्दल कुणी काही बोलत नसे. ते न बोलणंच जड होतं. लेक पोटात होती तेव्हा बिनपगारी रजा घेतली, ती वाढवली आणि १९९७ला राजीनामा दिला. सही माझीच होती. "तुला गरज काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैशाची गरज खरंच नव्हती.

आता वाटतं, तिथेच फसगत झाली. गरज म्हणजे पैशाची, हे मी निमूट मान्य केलं. मोठ्या घरांत काम म्हणजे गरिबीचा पुरावा धरला जातो. ज्याला करावंच लागतं तो करतो. ज्याला करावं लागत नाही तो खानदानी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी नोंदवून ठेवलंच आहे की, घर वर चढायला लागलं की पहिली गोष्ट होते ती बायकांचं बाहेर जाऊन काम करणं थांबतं. आमच्याकडे हे बघायला पुस्तक लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरची बाई दुसऱ्याच्या वावरात जाते ते घर कोणतं, जी फक्त स्वतःच्या वावरात जाते ते कोणतं, आणि जी वावरातच जात नाही ते कोणतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. घर जितकं मोठं, तितका उंबरा उंच.

पण काम म्हणजे फक्त आपली गरज भागवणं नव्हे. कामात दुसऱ्या कुणाला तरी आपली गरज असते. त्या गोठ्यातल्या गाईला माझ्या घराण्याशी काही घेणं नव्हतं. तिला माझा हात हवा होता.

मान आणि किंमत हे दोन शब्द आपण सारखे वापरतो, पण त्यांच्यात हाच फरक आहे. मान घराला मिळतो, आपण त्या घरात आहोत म्हणून आपल्या वाट्याला येतो. तो टिकवायला काही करावं लागत नाही. उलट पुष्कळ काही न करावं लागतं. किंमत आपल्या हातून झालेल्या कामाची असते. ती रोज नव्याने सिद्ध करावी लागते, आणि म्हणून ती आपली असते. पोळ्याला आमच्या गावात तोरणाखाली पहिली जोडी उभी राहते ती वाड्याची. मानाची जोडी. आदल्या दिवशी खांद शेकतात, हळद-तूप लावतात, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. त्या बैलांना पाहिलं की दरवर्षी मला हसू येतं. कारण आता वाड्याची सारी शेती ट्रॅक्टरनं होते. वर्षभर नांगर ओढणारे बैल मागे उभे असतात, आणि पुढे उभे असतात ते, ज्यांच्या खांद्यावर जू ठेवायची कुणाला गरज पडत नाही.

या विचारांच्या नादात मला आमच्या शेजारच्या अमरावतीची एक मुलगी आठवत राहिली. लक्ष्मी जोशी. आनंदीबाई जोशी गेल्या त्याच वर्षी, १८८७ मध्ये, तिचा जन्म. वडील सर मोरोपंत जोशी, वऱ्हाडातले नामांकित वकील. मुलींच्या संमतिवयाचा प्रश्न तपासण्यासाठी सरकारनं १९२८ला नेमलेल्या समितीचे पुढे ते अध्यक्ष होते, आणि १९२९च्या सारडा कायद्याच्या मागे त्या समितीचं काम उभं आहे. आई यशोदाबाईंनी 'आमचा जीवनप्रवास' हे आत्मचरित्र लिहिलं. वडिलांचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले यांनी लक्ष्मीला डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती शिकली, पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला गेली आणि मुंबईत तिनं डॉक्टरकी सुरू केली. मग लग्न झालं ते ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतले मेजर जनरल राजवाडे यांच्याशी. गादी नव्हे, पण शिंद्यांच्या दरबारातलं बडं घर. डॉक्टर लक्ष्मी जोशींच्या झाल्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे.

इथवर वाचलं की आपण मनातल्या मनात गोष्ट पूर्ण करून टाकतो: झालं, पिंजऱ्यात गेली. पण तसं झालं नाही. लक्ष्मीबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाऱ्यांपैकी एक झाल्या, पुढे अध्यक्षही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, कुटुंब किती मोठं असावं याचं शिक्षण लोकांना कसं देता येईल हे ठरवण्यासाठी डॉक्टर स्त्रियांची समिती नेमावी, असा ठराव त्यांनी परिषदेत मांडला. विरोध झाला, तरी तो विषय त्यांनी सोडला नाही. याच विषयापायी आपल्याकडे र. धों. कर्व्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, 'समाजस्वास्थ्य'साठी कोर्टात उभं राहावं लागलं. राणीला कोण नोकरीवरून काढणार? खटला भरायला कोण धजावणार? त्या ठरावामागचं ज्ञान डॉक्टरचं होतं, पण त्याला ढाल होती ती राणीपणाची.

म्हणजे प्रश्न मला वाटला होता तितका सरळ नाही. न कमावलेला मान चांगल्या कामासाठी वापरावा का? मला वाटतं, वापरावा. हातात आलेलं साधन सोवळं म्हणून बाजूला ठेवण्यात शहाणपण नाही. पण त्यात एक गोम आहे. साधन म्हणून घेतलेला मान हळूहळू आपलंच नाव पुसतो. मी लक्ष्मीबाईंबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे 'राणी' ठसठशीत, आणि त्या डॉक्टर होत्या ही गोष्ट ओघात येऊन जाते. कमावलेली पदवी मागे, मिळालेली पुढे. पोळ्याच्या तोरणाखाली असतं तसंच.

साधन आणि साखळी यांतली रेघ किती बारीक असते, हे दूरच्या जपाननं साऱ्या जगाला दाखवलं. मासाको ओवादा हार्वर्डला शिकलेल्या, १९८७ला परराष्ट्र खात्यात दाखल झालेल्या मुत्सद्दी. युवराज नारुहितो यांच्याशी १९९३ला लग्न झालं. राजघराण्याकडून आपण देशाची सेवा वेगळ्या रीतीनं करू शकू, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही. पण दरबाराला त्यांच्याकडून हवा होता मुलगा. २००१ला मुलगी झाली. २००४ला त्यांच्या आजाराचं नाव जाहीर झालं, परिस्थितीशी जुळवून न घेता आल्यानं येणारा मानसिक विकार, आणि त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्यानं पत्रकारांसमोर सांगितलं की आपल्या पत्नीची कारकीर्द आणि तिचं व्यक्तिमत्त्वच नाकारलं गेलं आहे. २०१९ला त्या सम्राज्ञी झाल्या. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आले, तेव्हा त्या दुभाष्याशिवाय त्यांच्याशी बोलल्या आणि लोकांनी कौतुक केलं. मला ते कौतुक बोचलं. ज्या बाईनं करार घडवायचे, ती सव्वीस वर्षांनी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलली म्हणून टाळ्या.

एकीला वाट सापडली, एकीला फार उशिरा. फरक कशानं पडला? स्वभाव, नवरा, दरबार, काळ, सगळंच असणार. पण एक गोष्ट मला ठळक दिसते. लक्ष्मीबाईंजवळ महिला परिषद होती. घराबाहेरची एक जागा, जिथे त्यांची वाट बघितली जात होती.

आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येते. काँग्रेसनं १९३८ला राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, पंडित नेहरू अध्यक्ष. त्या समितीच्या पोटात स्त्रियांच्या प्रश्नावर एक उपसमिती झाली. तिच्या अध्यक्ष राणी लक्ष्मीबाई राजवाडे, सचिव मृदुला साराभाई. तो अहवाल १९४७ला पुस्तकरूपात छापून आला. त्यात स्त्रीला समान वेतन, पाळणाघरं, बाळंतपणाचे हक्क हे आहेच. पण आणखी एक गोष्ट आहे. घरात बाई जे राबते त्याला पैशांत मोल दिलं जात नसलं, तरी ती देशाच्या संपत्तीत पडलेली भर आहे. त्याची दखल घ्या, आणि नवऱ्याच्या मिळकतीत तिचा हक्काचा वाटा धरा. आज टीव्हीवर कुणी हे बोललं तर लोक कुजबुजतात. एका राणीनं ते ऐंशी वर्षांपूर्वी सरकारी भाषेत लिहून घेतलं होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं राबणं आठवेल असं वाटलं होतं. आठवल्या आईसाहेब.

सातवी शिकलेल्या. वाड्यात तेव्हा रोजची बावीस पानं. तूर किती ठेवायची, किती विकायची, कोणत्या गड्याला किती उचल दिली, कोणाच्या लेकीच्या लग्नाला किती ज्वारी गेली, पाऊस लांबला तर कोठाराचं तोंड केव्हा बंद करायचं, सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका लाल कापडी वहीत. कमी पावसाच्या एका वर्षी त्यांनी आधीच कोठाराला कुलूप घातलं म्हणून वाडा आणि वाड्यावर विसंबलेली दहा घरं तगली. सगळे म्हणत, "आईसाहेबांना हिशेबाची भारी आवड." आवड! एखादा मामलेदार हेच करतो तेव्हा त्याला कोणी आवड म्हणत नाही. मी आयुष्यभर मनात धरून बसले की, या वाड्यात कामाची बाई आली ती मी, आणि माझं काम गेलं. माझ्या आधी पन्नास वर्षं एक बाई काम करतच होती. तिचं काम कुणी हिरावलं नाही, फक्त त्याला काम म्हटलं नाही. त्यात मीही होते.

आणि वाड्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका. त्यांचं काम हे कामच धरलं जातं, किलोवर मोजून पैसे मिळतात, पण मान नाही. एकीनं मला एकदा ओसरीवर बसलेली पाहून म्हटलं, "तुमचं बरं हाय बाईसाहेब, उन्हात जाव लागत नाही." मी काय बोलणार? माझी सावली तिच्याच उन्हातून आली होती. म्हणून मी माझ्या गमावण्याचं रडगाणं फार मोठ्यानं गात नाही. पण दुसरीचं दुःख मोठं आहे म्हणून आपला प्रश्न खोटा ठरत नाही. उलट दोन्हीची मुळी एकच आहे: जिथे काम आहे तिथे मान नाही, आणि जिथे मान आहे तिथे कामाला बंदी.

एक कबुली राहिली. २०२२ला लम्पी आला. बैलांच्या अंगावर गाठी, तापानं मान टाकलेली जनावरं. गावात लसीकरणाला एक तरुण डॉक्टर आला, सोबत एकच माणूस. शेळ्यांच्या देवीची लस, कातडीखाली एक मिलिलिटर. सत्तर-ऐंशी जनावरं आणि धरायला कुणी नाही. मी वाड्यातून निघून तिथे गेले. एक गोऱ्हा बुजला, दावं तोडायला आला. माझा हात आपोआप पुढे झाला, अशा वेळी नाक कसं धरायचं हे हाताला अजून माहीत होतं. तेवढ्यात सरपंच धावत आले. "बाईसाहेब, तुमी दूर उभ्या राहा, शेण उडंल." आणि मी दूर उभी राहिले.

कोणी अडवलं नव्हतं. मामंजी नव्हते, आईसाहेब नव्हत्या. नवऱ्यानं कधीच आडकाठी केली नव्हती. पंचवीस वर्षं ज्याला मी वाड्याचा मान समजत होते, तो तोवर माझ्या पायांत उतरला होता. सही १९९७ला केली होती, पण खरा राजीनामा मी त्या दिवशी दिला.

तर लेकीला काय सांगू? नको म्हण, असं सांगणार नाही. मुलगा तिला आवडला आहे, हे मला तिच्या आवाजावरून कळतं. आणि वाडा म्हणजे पिंजराच, हेही खरं नाही. सांगेन ते एवढंच. 'नोकरी करू द्याल का' असं विचारू नकोस; त्यात परवानगी मागितली जाते, आणि दिलेली परवानगी परत घेता येते. त्या मुलाला विचार: पुराच्या रात्री दोनला साइटवरून फोन आला, तर दिंडी दरवाजा कोण उघडेल? उत्तर गड्याचं नाव निघालं तर विचार कर. तो म्हणाला 'मी', तर त्या घरात जा. आणि गेल्यावर आपल्या सासूची लाल वही शोध. असेलच कुठेतरी. तिच्या कामाला काम म्हण, मोठ्यानं, चारचौघांत. नाहीतर तुझं तेवढं काम आणि तिची आवड, असा आणखी एक उंबरा तू स्वतःच घालशील.

हे लिहून झालं आणि मी कपाट उघडलं. पशुवैद्यक परिषदेची माझी नोंदणी कधीच मुदत संपून पडली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मागवला आहे. या वयात अडलेल्या गाईला हात घालायची ताकद खांद्यात नाही, पण लस टोचता येते, जखम धुता येते. अर्जात एक रकाना आहे, 'सध्याचा व्यवसाय'. तिथे काय लिहायचं यावर काल रात्री बराच वेळ थांबले होते. सकाळी चहाच्या वेळी नवऱ्यानं विचारलं, "आता या वयात कशाला? काय गरज आहे?"

मी म्हटलं, "मला नाही. जनावरांना."

त्यांनी चष्मा काढून पुसला, थोडा वेळ अर्जाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग फोटो लागतील. पुसदला चाललोच आहे, चल."